व्हायरस काढला, पण नेट चालेना: घरच्या कॉम्प्युटरचं इंटरनेट पुन्हा कसं सुरू करायचं

स्कॅन पूर्ण होतं, अँटीव्हायरस सापडलेल्या सगळ्या फायली काढून टाकतो, तुम्ही कॉम्प्युटर रीस्टार्ट करता आणि ब्राउझर उघडता तर एकही पान येत नाही. वायफायचं चिन्ह मात्र नीट दिसत असतं. अशा वेळी नवख्या माणसाचा पहिला संशय अँटीव्हायरसवर जातो, दुसरा इंटरनेट कंपनीवर, आणि मग सरळ विंडोज नव्याने टाकण्याचा विचार सुरू होतो. एवढी घाई करू नका. बहुतेक वेळा काही मोडलेलं नसतं; व्हायरसने करून ठेवलेले फेरफार तेवढे मागे राहिलेले असतात, आणि ते शोधून पूर्ववत करणं घरबसल्या जमण्यासारखं आहे.

असं का होतं ते आधी समजून घेऊ, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच बेतलेली आहे. पुष्कळशा व्हायरसना तुमचं नेट बंद पाडायचं नसतंच. ते चालू राहण्यातच त्यांचा फायदा असतो. फक्त तुमची सगळी ये-जा त्यांच्या नजरेखालून व्हायला हवी असते, म्हणजे जाहिराती घुसवता येतात, पासवर्ड वाचता येतात, बँकेच्या पानाऐवजी हुबेहूब तसं दिसणारं खोटं पान पुढे करता येतं. म्हणून ते गावाचा रस्ता आपल्या अंगणातून वळवून घेतात. अँटीव्हायरस येऊन ते घर पाडतो, पण वळवलेला रस्ता तसाच राहतो आणि आता ढिगाऱ्यात जाऊन थांबतो.

‘डीएनएसचेंजर’ हे याचं गाजलेलं उदाहरण. हा व्हायरस कॉम्प्युटरचा डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता सांगणारा सर्व्हर) बदलून तिथे तो पसरवणाऱ्या टोळीच्या सर्व्हरचा पत्ता टाकायचा. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ही टोळी उघडकीला आणली, तेव्हा शंभराहून अधिक देशांतल्या सुमारे ४० लाख कॉम्प्युटरना त्याची लागण झालेली होती. टोळीचे सर्व्हर तडकाफडकी बंद केले असते तर अजून लागण असलेल्या सगळ्यांचं नेट त्याच क्षणी गेलं असतं. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर चालवले गेले. ९ जुलै २०१२ रोजी तेही बंद झाले, आणि तोवर ज्यांनी सेटिंग सुधारलं नव्हतं त्यांना नावाने एकही साइट उघडता येईना. तुमच्या घरी होतं ते याचंच छोटं रूप.

हात घालण्याआधी

पुढच्या सूचना विंडोज १० आणि ११ साठी आहेत. तुमच्याजवळ चालू नेट असलेला मोबाइल आणि एक कागद असू द्या. कुठलंही सेटिंग बदलण्याआधी ते आत्ता काय आहे हे कागदावर उतरवा किंवा मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. हे कंटाळवाणं वाटतं, पण चार गोष्टी बदलल्यावर मूळ काय होतं हे कुणालाच आठवत नाही. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर नेट चालतंय का ते पाहा.

‘नेट दुरुस्त करून देतो’ म्हणणारं कुठलंही फुकट सॉफ्टवेअर या टप्प्यावर उतरवू नका. आपण करणार आहोत ते सगळं विंडोजमध्ये आधीपासून आहे. आणि ‘या नंबरवर फोन करा’ अशी सूचना स्क्रीनवर आली तर ती फसवणूक समजा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटीसंदेशात फोन नंबर कधीच नसतो.

काही आज्ञा कमांड प्रॉम्प्ट या विंडोजच्या खिडकीत टाइप कराव्या लागतील. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, नावावर राइट क्लिक करा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरायचे.

बिघाड नेमका कुठे आहे?

इथे वेळ द्या. बिघाडाची जागा कळली की दुरुस्ती बहुधा दोन मिनिटांची असते. जागा न कळता केलेली दुरुस्ती दिवसभर पुरते.

त्याच वायफायवर मोबाइल लावा आणि मोबाइलचा डेटा बंद करा. मोबाइलवरही पानं उघडत नसतील तर दोष राउटरमध्ये किंवा कंपनीच्या लाइनमध्ये आहे. मोबाइलवर चालतं आणि कॉम्प्युटरवर नाही, तर दोष कॉम्प्युटरमध्ये. आणखी एक चांगली चाचणी म्हणजे मोबाइल केबलने कॉम्प्युटरला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करणे. त्यावर नेट चाललं तर विंडोजचा गाभा ठीक आहे, गडबड वायफायच्या जोडणीत आहे.

मग ब्राउझरचा संदेश नीट वाचा. त्यात ‘प्रॉक्सी’ (ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसणारा मध्यस्थ) हा शब्द असेल तर सरळ प्रॉक्सीच्या भागाकडे जा. ‘डीएनएस’ असेल तर डीएनएसच्या. ‘सर्टिफिकेट’ किंवा ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असेल तर आधी कॉम्प्युटरची तारीख आणि वेळ तपासा. साल चुकलेलं असलं की सुरक्षित साइट उघडत नाहीत, कारण साइटची ओळख पटवणाऱ्या प्रत्येक प्रमाणपत्राला (सर्टिफिकेटला) मुदत असते आणि ती कॉम्प्युटरच्या घड्याळावरून मोजली जाते. तारीख बरोबर असूनही हा इशारा सगळीकडे येत असेल, तर तो डावलून पुढे जाऊ नका आणि पासवर्ड टाकू नका. कुणीतरी अजून मध्ये बसलेलं असू शकतं.

आता कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ हा सलग एक शब्द टाइप करून एंटर दाबा. येणाऱ्या मजकुरात दोन ओळी शोधा: ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ (नेटवर्कवरचा तुमच्या कॉम्प्युटरचा आकड्यांचा पत्ता) आणि ‘डिफॉल्ट गेटवे’. गेटवे म्हणजे तुमचा राउटर. पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर राउटरने तो दिला आहे, हे चांगलं लक्षण. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतलाय. त्याच्यावर नेट चालत नाही.

यानंतर ‘पिंग’ (समोरून उत्तर येतं का ते पाहणारी आज्ञा), एक स्पेस आणि गेटवेचा पत्ता असं टाइप करा. नंतर ‘पिंग ८.८.८.८’ करा, हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता आहे. शेवटी पिंगच्या पुढे एखाद्या मोठ्या साइटचं नाव टाका. ‘रिप्लाय फ्रॉम’ असं आलं की तिथवर रस्ता मोकळा आहे.

गेटवेकडूनच उत्तर येत नसेल तर जोडणी किंवा ड्रायव्हरकडे (वायफायचं उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) बघा. गेटवे बोलतो पण ८.८.८.८ बोलत नाही, तर राउटर, लाइन किंवा फायरवॉलवर (नको ती ये-जा अडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) संशय घ्या. ८.८.८.८ कडून उत्तर येतं पण नावाने ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ येतं, तर दोष डीएनएसचा. आणि तिन्ही पिंग चालतात तरी ब्राउझर गप्प, तर प्रॉक्सी, होस्ट्स फाइल, विनसॉक (हे पुढे येतात) किंवा खुद्द ब्राउझर. पिंग प्रॉक्सीमधून जातच नाही, म्हणून ही फारकत इतकी स्पष्ट कळते. काही साइट मात्र पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. नावाशेजारी आकड्यांचा पत्ता दिसला तर नाव सापडलं असं धरायला हरकत नाही.

प्रॉक्सी

व्हायरस काढल्यानंतर सगळ्यात आधी बघावं ते इथे. सेटिंग्ज उघडा, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जा आणि ‘प्रॉक्सी’वर क्लिक करा. ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालू असेल आणि पत्त्याच्या जागी १२७.०.०.१ किंवा ‘लोकलहोस्ट’ व पुढे एखादा पोर्ट नंबर असेल, तर चोर सापडला. १२७.०.०.१ म्हणजे हाच कॉम्प्युटर. ब्राउझरला सांगून ठेवलेलं असतं की प्रत्येक पान याच कॉम्प्युटरवर बसलेल्या अमुक प्रोग्रामकडून माग, आणि तो प्रोग्राम अँटीव्हायरसने उडवलाय. उत्तर देणार कोण?

ते बटण बंद करा. त्याच पानावर ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’ असतं, तिथे तुम्ही न टाकलेला पत्ता असेल तर तेही बंद करा. ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज’ चालू राहू द्या. तो कॉम्प्युटर ऑफिसचा असेल तर मात्र प्रॉक्सी खरीखुरी असू शकते, आधी तिथल्या माणसाला विचारा. क्रोम आणि एज विंडोजचंच सेटिंग वापरतात, पण फायरफॉक्समध्ये ते वेगळंही ठेवता येतं, तेव्हा त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रॉक्सी’ शोधून तिथेही नजर टाका.

विंडोजच्या काही सेवा आणखी एक वेगळी प्रॉक्सी बघतात. ब्राउझर चालतो पण विंडोज अपडेट होत नाही, अशी तक्रार असेल तर ‘नेटएसएच विनएचटीटीपी रीसेट प्रॉक्सी’ ही आज्ञा द्या. चार शब्द, मध्ये एकेक स्पेस. पहिला शब्द म्हणजे ‘नेट’ला जोडून एस आणि एच.

बटण बंद केलं, रीस्टार्ट केलं आणि प्रॉक्सी पुन्हा चालू झालेली दिसली, तर इथेच थांबा. सेटिंग आपोआप परत येत नाही. ते परत लावणारं काहीतरी आत जिवंत आहे. बाकीच्या पायऱ्या सोडा आणि खाली दिलेलं ऑफलाइन स्कॅन आधी करा.

डीएनएस आणि होस्ट्स फाइल

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ टाइप करून एंटर दाबा. तुमच्या जोडणीवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा, यादीतल्या ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’वर डबल क्लिक करा. तुम्ही स्वतः कधी काही भरलेलं नसेल तर इथे दोन्हीकडे ‘ऑटोमॅटिकली’ हाच पर्याय असायला हवा. अनोळखी आकडे दिसले तर लिहून ठेवा आणि ‘ऑटोमॅटिकली’ निवडा. यादीतलं ‘व्हर्जन ६’ही असंच तपासा, ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. कंपनीचा डीएनएस कुरकुरत असेल तर ९.९.९.९ हा क्वाड नाइनचा पत्ता टाकता येईल. तो घातक म्हणून माहीत असलेल्या साइटचे पत्ते देतच नाही, त्यामुळे नुकत्याच साफ केलेल्या कॉम्प्युटरसाठी मला तो बरा वाटतो. मग ‘आयपीकॉन्फिग’, स्पेस, तिरकी रेघ (/) आणि तिला जोडून ‘फ्लशडीएनएस’ ही आज्ञा द्या, म्हणजे लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसले जातात.

होस्ट्स फाइल ही डीएनएसच्याही आधी विचारली जाणारी छोटी यादी. मेल चालतो, बातम्या उघडतात, पण अँटीव्हायरसच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइट तेवढ्या उघडत नाहीत, असं असेल तर बोट हिच्याकडेच जातं. नोटपॅड ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडा. मग फाइल उघडण्याच्या खिडकीतून सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी असे एकेक फोल्डर आत जा. फोल्डर रिकामं दिसेल. खाली ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’च्या जागी ‘ऑल फाइल्स’ निवडलं की ‘होस्ट्स’ दिसेल.

ताज्या विंडोजमध्ये या फाइलीतली प्रत्येक ओळ हॅशच्या चिन्हाने सुरू होते, म्हणजे ती नुसती टीप असते. हॅश नसलेली ओळ दिसली, आकडे आणि पुढे एखाद्या साइटचं नाव, की ती कुणीतरी घातलेली आहे. स्क्रोलबारचा तुकडा जरुरीपेक्षा लहान दिसत असेल तर खाली खाली जात राहा. शेकडो कोऱ्या ओळी सोडून त्यांच्याखाली नोंदी लपवणं ही जुनी युक्ती आहे, आणि वरचा भाग पाहून ‘फाइल स्वच्छ आहे’ म्हणणारे तिला फसतात. जाहिरात रोखणारी किंवा कामाची काही सॉफ्टवेअरंही इथे लिहितात, म्हणून आधी फाइलीची प्रत डेस्कटॉपवर ठेवा, मग अनोळखी ओळी पुसून सेव्ह करा. सेव्ह होऊ देत नसेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमधली ‘रीड ओन्ली’ची खूण काढून बघा.

विनसॉक

प्रॉक्सी बंद, डीएनएस ठीक, होस्ट्स स्वच्छ, तरी एकाही ब्राउझरमध्ये पान येत नाही? मग हा उपाय. विंडोजमधले प्रोग्राम नेटशी बोलतात ते विनसॉक नावाच्या थरातून, आणि या थरात इतर प्रोग्रामना आपली कडी अडकवता येते. जुन्या जाहिरातबाज व्हायरसना ही जागा फार आवडायची. कडीची फाइल अँटीव्हायरसने पुसली पण साखळीतली नोंद राहिली, की साखळी तुटते. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये मायक्रोसॉफ्टने यासाठी स्वतंत्र आज्ञा दिली, ती आजही तीच आहे: ‘नेटएसएच विनसॉक रीसेट’. तिच्यानंतर ‘नेटएसएच आयएनटी आयपी रीसेट’ द्या आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. रीस्टार्ट केल्याशिवाय याचा परिणाम दिसत नाही. तुम्ही आयपी पत्ता हाताने भरलेला असेल तर दुसऱ्या आज्ञेने तो पुसला जातो, पुन्हा भरावा लागेल.

पत्ताच मिळत नसेल तर

१६९.२५४ चा पत्ता असलेल्यांनी आधी राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करावा. मग विंडोज आणि आर दाबून ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ उघडा. ‘डीएचसीपी क्लायंट’, ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ आणि ‘बेस फिल्टरिंग इंजिन’ या सेवा ‘रनिंग’ असायला हव्यात. बंद असेल त्या सेवेवर डबल क्लिक करून स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ करा आणि ‘स्टार्ट’ दाबा. ‘डीएनएस क्लायंट’ची बटणं फिकट दिसतात, ते नैसर्गिक आहे. यादीत एखादी सेवा दिसतच नसेल तर ती व्हायरसने काढून टाकली असणार. झीरोॲक्सेस नावाचा व्हायरस फायरवॉलच्या सेवांचं असंच करायचा. अशा वेळी ‘एसएफसी’, स्पेस, तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘स्कॅननाऊ’ ही आज्ञा द्या. ती बिघडलेल्या सिस्टम फायली जागेवर आणते. उडवलेली सेवा मात्र तिने परत येईलच असं नाही; तशी आली नाही तर शेवटी सांगितलेला ‘रीसेट धिस पीसी’ उरतो.

दोन अँटीव्हायरस एकत्र बसवलेले असतील, किंवा एक अर्धवट काढलेला असेल, तर त्याचे उरलेले फिल्टरही नेट अडवतात. बहुतेक अँटीव्हायरस कंपन्या आपलं सॉफ्टवेअर मुळापासून काढण्यासाठी वेगळं साधन देतात. ते मोबाइलवर कंपनीच्याच साइटवरून उतरवा आणि केबलने कॉम्प्युटरवर घ्या.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क ॲडॉप्टर्स’खाली पिवळं चिन्ह दिसलं तर त्या ॲडॉप्टरवर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडा. ड्रायव्हर पुसण्याची चौकट आली तर तिच्यात खूण करू नका. रीस्टार्टनंतर विंडोज तो परत बसवतं.

फक्त एकाच ब्राउझरमध्ये अडचण असेल

त्याची एक्स्टेन्शन्स सगळी बंद करा, मग एकेक चालू करा. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधला ‘टार्गेट’ बघा. शेवटी एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर शॉर्टकट पुसून नवा करा.

राउटर

दुसऱ्या उपकरणांवरही भलतीच पानं उघडत असतील तर व्हायरसने राउटरचा डीएनएस बदललेला असू शकतो. राउटरच्या पानावर लॉगिन करून डीएनएस तपासा, ॲडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. फॅक्टरी रीसेट करणार असाल तर कंपनीने दिलेलं यूजरनेम आणि पासवर्ड आधी हाताशी घ्या. रीसेटनंतर ते पुन्हा भरल्याशिवाय नेट येत नाही.

काहीच जमलं नाही तर

सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क रीसेट’ शोधा. हा पर्याय सगळे ॲडॉप्टर काढून पुन्हा बसवतो आणि पाच मिनिटांत कॉम्प्युटर रीस्टार्ट करतो, म्हणून उघड्या फायली आधी सेव्ह करा. वायफायचे पासवर्ड आणि व्हीपीएन नव्याने द्यावे लागतील.

प्रॉक्सी किंवा डीएनएस परत परत बदलत असेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, त्यात ‘स्कॅन ऑप्शन्स’ आणि त्यात ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. हे स्कॅन विंडोज सुरू होण्याआधी चालतं, त्यामुळे चालत्या विंडोजमध्ये दडून बसणाऱ्या व्हायरसना लपायला जागा मिळत नाही. सुमारे १५ मिनिटं लागतात. त्यानंतरही फेरफार परत आले तर मात्र विंडोज नव्याने टाकणं हाच योग्य निर्णय आहे, आणि तेव्हा तो बिनधास्त घ्या. आपली कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या, प्रोग्रामच्या फायली घेऊ नका. मग सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’तून ‘रीसेट धिस पीसी’ करून ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा.

नेट परत आल्यावर लगेच बँकेच्या साइटवर जाऊ नका. आधी विंडोज अपडेट करा आणि पुन्हा एकदा पूर्ण स्कॅन चालवा. मेल, बँक आणि इतर खात्यांचे पासवर्ड मोबाइलवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून बदला. सुरुवात मेलपासून करा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात. ‘सगळीकडून लॉगआउट करा’ असा पर्याय जिथे असेल तिथे तोही वापरा. चोरलेलं लॉगिन पासवर्ड बदलल्यानंतरही काही ठिकाणी चालू राहतं, ते याने तुटतं.